हृदयाचा सीटी स्कॅन : नाडी शांत का हवी?

हृदयाच्या सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे हृदयाच्या धमन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये, प्रत्यक्ष स्कॅनला जेमतेम पाच-सात सेकंद लागतात. तरीही आम्ही दोन तास हाताशी ठेवून या म्हणतो, आणि नाडी जोरात असेल तर आधी बाहेर बसवून ठेवतो. त्यामागचं कारण आपल्याला माहीत असायला हवं.

सीटीमध्ये एक्स-रेची नळी आपल्याभोवती फिरते आणि समोरचे डिटेक्टर शेकडो कोनांतून सावल्या टिपतात. त्यांचं गणित जुळवून संगणक आतला छेद उभा करतो. हे गणित गणितज्ञ योहान राडोन यांनी १९१७ मध्येच मांडलं होतं. रुग्णाचा पहिला स्कॅन झाला १९७१ मध्ये, लंडनला, आणि तो मेंदूचा. डोकं स्थिर धरता येतं, म्हणून एकेका छेदाला काही मिनिटं लागली तरी चालून गेलं.

हृदय कुणाच्या सांगण्याने थांबत नाही. गणित मात्र धरून चालतं की पहिल्या कोनापासून शेवटच्या कोनापर्यंत काहीच हललं नाही. मधेच ठोका पडला की काही सावल्या एका जागच्या, काही दुसऱ्या जागच्या. मग जेमतेम तीन मिलिमीटरची धमनी दुहेरी दिसते किंवा तिच्या कडेला धूसर शेपटी येते. उजवी धमनी जास्त हलते, त्यामुळे बहुधा तिचंच चित्र आधी बिघडतं. अशी फाटलेली कड ब्लॉकेजसारखी दिसू शकते. नसलेल्या ब्लॉकेजची धास्ती घेऊन कुणी घरी जावं, हे आम्हाला मुळीच मान्य नाही.

उपाय आहे ईसीजीचा. पुढचा ठोका पडण्याआधी हृदय क्षणभर जवळजवळ स्थिर असतं. छातीवरच्या तारांवरून तो क्षण ओळखून संगणक तेवढ्याच सावल्या वापरतो. त्यासाठी पूर्ण फेराही लागत नाही, अर्ध्याहून थोडा जास्त पुरतो. आमच्या ६४ स्लाइस (एका फेऱ्यात ६४ छेद टिपणाऱ्या) मशीनचा फेरा ०.३५ सेकंदाचा, म्हणजे साधारण ०.२ सेकंद शांतता हवी. मिनिटाला ६० ठोके असतील तर ती मिळते. ९० झाले की कात्री लागते ती मुख्यतः विश्रांतीच्या वेळालाच. शिवाय मशीन एका वेळी चार सेंटिमीटरच पाहतं, त्यामुळे अख्खं हृदय चार-पाच ठोक्यांत तुकड्यांनी जोडावं लागतं. श्वास सुटला, तर जोडावर पायरी दिसते.

म्हणून आदल्या रात्रीपासून चहा-कॉफी बंद. पोहे-जलेबी स्कॅननंतर, आधीचे चार तास पोट रिकामं ठेवा, पाणी मात्र प्या. जिना चढू नका, लिफ्टने या. नाडी ६५ च्या वर असेल तर डॉक्टर ती संथ करणारी गोळी देतात. दमा असेल तर आधीच सांगा. धमन्या सैलावण्यासाठी जिभेखाली औषध देतात. सिल्डेनाफिलसारखी (लैंगिक ताठरतेसाठीची) गोळी घेतली असेल तर संकोच करू नका, सांगा. दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक उतरू शकतो. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाचा) रिपोर्ट आणा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल किंवा पूर्वी कशाची अ‍ॅलर्जी आली असेल, तर तेही कळवा.

धमन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून दिलेलं आयोडीनचं औषध शिरेतून जाताना अंगभर ऊब पसरते, लघवी झाल्यासारखं वाटतं. होत काही नाही. फक्त दचकून हलू नका. श्वास बेताचा घेऊन रोखायचा, छाती ताणून नाही. त्याची तालीम आम्ही आधी करून घेतो. मशीनमधला आवाज हिंदीत सूचना देतो. आजी-आजोबांना मराठीत हव्या असतील तर काउंटरवर सांगा, टेक्निशियन स्वतः बोलतील.

ठोके कायम अनियमित पडत असतील तर येण्याआधी फोन करा. अशा वेळी एक्स-रेच्या दोन नळ्यांचं वेगवान मशीन जास्त उपयोगी पडतं, आणि तसं आम्ही आपल्या डॉक्टरांना स्पष्ट कळवतो.