पॅनिक अटॅक आणि ‘सगळं खोटं वाटणं’ : भानावर येण्यासाठी काय करावं
आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

पॅनिक अटॅकमध्ये, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यात, छातीत धडधड, घाम, हातापायांतलं बळ गेल्यासारखं वाटणं हे सगळं लोक पहिल्याच भेटीत सांगतात. एक गोष्ट मात्र बरेच जण उठायची वेळ होईपर्यंत राखून ठेवतात: “मधेच सगळं खोटं वाटायला लागतं. आपलेच हात आपले वाटत नाहीत. मला वेड तर लागत नाहीये ना?”

म्हणून आधी त्याचं उत्तर. नाही, हे वेड लागण्याचं लक्षण नाही. स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं (आपला आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटणं, स्वतःकडे लांबून बघत असल्यासारखं वाटणं) आणि भोवतालचं जग सपाट, धूसर, काचेपलीकडचं वाटणं, हे दोन्ही अनुभव पॅनिक अटॅकच्या लक्षणांमध्येच मोडतात. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने २०१३ साली काढलेल्या निदान-पुस्तिकेत पॅनिकची १३ लक्षणं दिली आहेत, त्यांत यांचाही समावेश आहे. साधारण निम्म्या प्रौढांना आयुष्यात कधी ना कधी असं क्षणिक तुटलेपण जाणवतं. जागरण, अतिथकवा, मोठा धक्का, गांजासारखी नशा यांनीही ते येतं. आणि यातली सर्वांत महत्त्वाची खूण ही, की ‘हे मला तसं *वाटतंय*’ हे तुम्हाला त्याही क्षणी कळत असतं. ते कळणं शाबूत आहे, म्हणून तर तुम्ही घाबरता.

शरीरात काय चाललेलं असतं

धोका आहे असं मेंदूला वाटलं की अ‍ॅड्रिनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, श्वास भराभर होतो. पळायचं किंवा झुंजायचं असेल तर हे उपयोगाचं आहे. पण तुम्ही खुर्चीत बसलेले असता. शरीराला लागतो त्यापेक्षा जास्त श्वास घेतला जातो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात: डोकं हलकं होतं, नजर विचित्र होते, आवाज लांबून येतात. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात त्याही यामुळेच. रक्तात ऑक्सिजन पुरेसा असतो, पण वाटतं मात्र ‘श्वास पुरत नाही’ असं, आणि माणूस आणखी मोठे श्वास घेतो. म्हणूनच “जरा मोठा श्वास घे” हा सगळ्यांच्या तोंडी असलेला सल्ला पॅनिकमध्ये उलटा पडू शकतो. कागदी पिशवीत श्वास घ्यायची जुनी पद्धतही वापरू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर ती धोक्याची ठरते.

याच्यावर मग अर्थ लावणं सुरू होतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकचं हे चक्र मांडलं: शरीरात एक साधी खळबळ होते, ‘आता मी मरणार’ किंवा ‘माझा ताबा सुटणार’ असा तिचा अर्थ लावला जातो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने खळबळ वाढते. अटॅक साधारण दहा मिनिटांत शिखर गाठतो आणि पुढे ओसरू लागतो. तुम्ही काहीही केलं नाहीत तरी ओसरतो.

मग ग्राउंडिंग (भोवतालच्या गोष्टींच्या आधाराने भानावर येणं) कशासाठी?

अटॅक हाकलून लावण्यासाठी नाही. हे आम्ही पहिल्याच सत्रात सांगतो, कारण बहुतेकांची निराशा इथेच होते. पाय जमिनीवर टेकवले, चार वस्तू मोजल्या आणि लगेच मनात तपासणी सुरू: ‘गेलं का? अजून आहे? का जात नाही?’ म्हणजे लक्ष पुन्हा छातीच्या धडधडीवर. ग्राउंडिंगचं काम एवढंच, की आत गुंतलेलं लक्ष बाहेर, आत्ता समोर असलेल्या गोष्टींवर आणायचं. धडधड चालू असेल तर चालू दे. तुम्ही घाबरलेले असूनही समोरच्या दाराचा रंग नीट बघू शकलात, तर ग्राउंडिंग जमलं.

पाच दिसणाऱ्या, चार स्पर्शाच्या, तीन ऐकू येणाऱ्या, दोन वासाच्या आणि एक चवीची अशा गोष्टी मोजण्याची पद्धत तुम्ही ऐकलीच असेल. ती चांगली आहे, पण घाबरलेल्या डोक्याला तिचा क्रम आठवत नाही, आणि माणसं त्या मोजण्यालाच परीक्षा करून टाकतात. आम्ही शक्यतो एकच वस्तू घ्यायला सांगतो. किल्ली चांगली, कारण ती बहुतेक वेळा जवळ असते.

किल्ली हातात घ्या. आधी गार लागते का ते बघा. अंगठा दात्यांवरून सावकाश फिरवा: सगळ्यांत उंच दाता कोणता, खोल खाच कुठे आहे? धार लागते की झिजली आहे? भोकाच्या कडेला रंग बदललाय का? वर काही अक्षरं, आकडे कोरलेत? ते पुटपुटत वाचा. मुठीत धरून ठेवली तर किती वेळाने कोमट होते? हे सगळं मोठ्याने, निदान ओठांत बोला: “डावीकडचा दाता बोथट आहे.” साधी, खरी, तपासून बघता येतील अशी वाक्यं. “मी शांत आहे” असं म्हणू नका. ते त्या क्षणी खोटं असतं आणि मनाला ते लगेच कळतं.

श्वास जमला तर असा: नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत सावकाश बाहेर. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून सोडणं लांबवायचं. छाती फुगवायची नाही. मात्र श्वासाकडे लक्ष गेलं की काहींची भीती वाढते. तुमचं तसं होत असेल तर श्वास सोडून द्या आणि किल्लीकडे या. यात तुमचं काही चुकत नाही.

चेहऱ्यावर, विशेषतः कपाळ आणि डोळ्यांभोवती गार पाणी मारलं किंवा ओला गार रुमाल धरला तर पाण्यात बुडी मारल्यावर होते तशी प्रतिक्रिया शरीर देतं आणि ठोके मंदावतात. हृदयविकार असेल किंवा ठोके मंदावणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. मनगटावर रबर ओढून मारणं, नखं रुतवणं असे वेदनेचे उपाय आम्ही कुणालाच सुचवत नाही.

चक्कर येऊन पडेन, ही भीती

पॅनिकमध्ये रक्तदाब सहसा वाढतो, त्यामुळे बेशुद्ध पडणं विरळा. अपवाद रक्त, जखम किंवा इंजेक्शन बघून ज्यांना भोवळ येते त्यांचा. त्यांचा रक्तदाब खरोखर घसरतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्त यांनी १९८०च्या दशकात त्यांच्यासाठी वेगळी पद्धत बसवली: हात, पोट, पाय यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम लागेपर्यंत घट्ट आवळायचे, मग नेहमीसारखे सैल सोडायचे, थोडं थांबून पुन्हा तेच. अशा लोकांनी अंग सैल सोडण्याचे व्यायाम त्या वेळी करू नयेत.

तुटलेपण जास्त असेल तेव्हा

इथे नियम थोडे बदलतात. पॅनिकमध्ये शांत बसून चालतं. तुटलेपणात स्थिर बसणं आणि डोळे मिटणं यांनी ते अधिक गडद होतं. डोळे उघडे ठेवा, उठा, चाला. टाचा जमिनीवर दाबा, भिंतीला दोन्ही तळहात लावून ढकला, जड वस्तू उचला. खोलीतल्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नजर न्या, मान वळवून मागेही बघा. आजचा वार, तारीख, तुम्ही कुठे आहात आणि आत्ता काय करायला निघाला होतात हे मोठ्याने सांगा आणि ते काम पुढे चालू करा, मग ते भांडी घासणं का असेना. काम कोरडेपणाने झालं तरी चालेल. आपलेपणाची भावना सहसा मागून येते.

आरशात बघून ‘हा मीच ना?’ असं तपासणं, हे खरं की स्वप्न यावर स्वतःशी वाद घालणं, रात्रभर इंटरनेटवर लक्षणं शोधणं, या तिन्ही गोष्टी सोडा. प्रत्येक तपासणीने मेंदूला कळतं की इथे काहीतरी धोका आहे. तुटलेपण त्रासदायक असतं, पण तीव्र भीतीत भावनांची धार तात्पुरती बोथट करून मेंदू स्वतःला सांभाळतो, असं ते समजावून घेतलं जातं. जुन्या आघाताच्या आठवणी असतील तर एखादा वास किंवा स्पर्शच त्रास उकरून काढू शकतो. असं झालं तर वस्तू बदला आणि आम्हाला सांगा.

सराव आणि कुबडी

सराव बरं वाटत असतानाच करा, रोज एक-दोन मिनिटं. ऐन अटॅकमध्ये पहिल्यांदा करून बघितलेलं सहसा साधत नाही. दुसरी बाजूही लक्षात ठेवा: ‘किल्ली विसरली, आता मी बाहेर जाऊ शकत नाही’ असं वाटू लागलं तर ग्राउंडिंगची कुबडी झाली आहे. तेव्हा आम्ही उपचाराची दिशा बदलतो. बोधात्मक वर्तनोपचारात (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारात) खुर्चीवर गरगर फिरणं, मुद्दाम भराभर श्वास घेणं असे प्रयोग करून तीच संवेदना जाणूनबुजून आणली जाते, म्हणजे ती निरुपद्रवी आहे हे शरीराला अनुभवाने कळतं. हे प्रयोग आधी सत्रात, तब्येतीची चौकशी करून. घरी आपलं आपण सुरू करू नका.

आधी डॉक्टर

असा त्रास पहिल्यांदाच झाला असेल तर तो पॅनिकच आहे असं धरून चालू नका. छातीत दाब, दुखणं हातात किंवा जबड्यात जाणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलताना जीभ जड होणं, शुद्ध हरपणं: तातडीने रुग्णालय. थायरॉइड, रक्तातली साखर उतरणं, हृदयाचे अनियमित ठोके, फिट्सचे काही प्रकार यांतही असंच वाटू शकतं, त्यामुळे तपासणी करून घ्या, चाळिशीनंतर पहिल्यांदा सुरू झालं असेल तर नक्कीच. तुटलेपण आठवडेच्या आठवडे हटत नसेल, इतरांना न येणारे आवाज ऐकू येत असतील, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. जीव द्यावासा वाटत असेल तर पुढच्या सत्राची वाट बघू नका. त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा आणि आपत्कालीन सेवेला फोन करा.

घरच्यांसाठी

“काही झालेलं नाही तुला” म्हणू नका. त्याला जे होतंय ते खरं आहे. गर्दी करू नका, न विचारता मिठी मारू नका. बाजूला बसा, आवाज खाली ठेवा आणि छोटी वाक्यं बोला: “मी इथेच आहे. हे ओसरेल. हात धरू का? तो पडदा कोणत्या रंगाचा आहे, सांग बघू.” उत्तर उशिरा आलं तर थांबा, प्रश्नांची सरबत्ती नको. ओसरल्यावर लगेच कारणमीमांसा काढू नका. माणूस दमलेला असतो.

आमच्या खोलीत, सत्राच्या मधेच असं व्हायला लागलं तर बोलता आलं नाही तरी चालेल, टेबलावर दोनदा टकटक करा. आम्ही बोलणं थांबवू, हवं असेल तर दार उघडू आणि तुमच्याबरोबर उभे राहू. त्यात गेलेला वेळ वाया गेला असं आम्ही मानत नाही.