अडथळा जमला नाही की रेसमधून बाहेर? अजिबात नाही
मिलिटरी स्टाईल ऑब्स्टॅकल रेसला कमांडोसारखी बॉडी लागते आणि एक अडथळा चुकला की बाहेर, हे वर्षानुवर्षं फिरतंय पण साफ चुकीचंय. १९८७ला इंग्लंडमध्ये टफ गाय ही अशीच रेस सुरू करणारा माजी सैनिक होता हे खरं, पण २०१०ला आलेल्या टफ मडर या रेसच्या नेहमीच्या इव्हेंटला टायमिंगच धरत नाहीत, नको तो अडथळा सोडून पुढे जाता येतं, आणि उंच भिंतीपाशी बघा, खालचा माणूस पाय ठेवायला गुडघा पुढे करतो, वरचा माणूस मनगट धरून ओढतो, तेही अनोळखी लोक! मला वाटतं गर्दी त्यासाठीच होते. स्पार्टन नावाच्या रेसमध्ये अडथळा चुकला तर कितीतरी वर्षं ३० बर्पी (खाली जाऊन पुश-अप, मग उठून उडी) मारायला लागायच्या, पण रेस चालूच. जपायचं ते अडथळ्यांमधल्या थंडगार पाण्यापासून, थरथर थांबेना तर लगेच बाहेर या.