मिस्त्री, अभियंता आणि सामायिक वाळू: कोल्हापुरातील अभियांत्रिकी संस्थांच्या सहकार्याची पार्श्वभूमी

कोल्हापुरातील अभियंत्यांच्या आणि यंत्रोद्योजकांच्या संघटना एखाद्या प्रश्नावर एका व्यासपीठावर बसतात, तेव्हा त्यांची मुळे दोन निरनिराळ्या जागी रुजलेली आहेत हे सहसा ध्यानात येत नाही. एक मूळ परीक्षेचे आहे, दुसरे कारखान्याचे.

पहिले मूळ बाहेरून आले. सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय औद्योगिक आयोगाच्या कामातून देशातील अभियंत्यांची एकच संस्था असावी या विचाराला बळ मिळाले आणि १९२० मध्ये ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स’ स्थापन झाली. १९३५ मध्ये तिला राजसनद मिळाली. इंग्लंडमध्ये स्थापत्य अभियंत्यांची संस्था १८१८ ची आणि यांत्रिकी अभियंत्यांची वेगळी संस्था १८४७ ची. भारतात मात्र सर्व शाखा एकाच छताखाली आल्या. त्यामुळे कोल्हापूरसारख्या ठिकाणच्या स्थानिक केंद्रात धरणाची कामे पाहणारा आणि लेथची कामे पाहणारा यांची आपोआप गाठ पडू शकली. शिवाय या संस्थेच्या ‘एएमआयई’ परीक्षेने नोकरी सांभाळून शिकणाऱ्या पदविकाधारकांना पदवीच्या बरोबरीला येण्याची वाट दिली, आणि माझ्या मते तिचे खरे मोल यातच होते.

दुसरे मूळ इथल्या मातीतले. शाहू महाराजांनी हाती घेतलेली राधानगरी धरणाची योजना, पंचगंगाकाठचा ऊस, उसाला पाणी उपसणारी ऑइल इंजिने आणि त्यांची दुरुस्ती, अशी ही साखळी आहे. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या पहिल्या पिढीच्या कारागीर-उद्योजकांचे शिक्षण बव्हंशी हातातल्या कामातूनच झाले. पुढे उद्यमनगर या शहरातल्या कारखान्यांच्या वस्तीत एकाने पॅटर्न (साचा घडवण्यासाठीचा नमुना) करायचा, दुसऱ्याने ओतकाम आणि तिसऱ्याने मशिनिंग, अशी विभागणी रुळली. म्हणजे संघटना एकत्र येण्याच्या कितीतरी आधी कामच एकमेकांच्या दारातून फिरत होते.

१९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या वसाहती उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीची संघटना निघाली: स्मॅक, गोशिमा आणि मॅक. शहरात कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन होतीच. शिवाय १९५० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय फौंड्रीमेन संस्थेची, म्हणजे ओतकाम करणाऱ्यांच्या संस्थेची, शाखाही आली. संघटना वाढल्या, सभासद मात्र पुष्कळदा तेच होते.

त्यांना खऱ्या अर्थाने एकत्र बांधले ते वाळूने. ओतकामात साच्यासाठी वापरलेली सिलिका वाळू, तिचे कण बांधून ठेवणारा पदार्थ जळाल्याने, निकामी होते. ती टाकायला जागा लागते आणि नवी विकत आणावी लागते. ती पुन्हा वापरण्याजोगी करणारा प्रकल्प एकट्या लहान फौंड्रीला पेलत नाही. केंद्र सरकारच्या २००३ च्या औद्योगिक पायाभूत सुविधा योजनेत प्रकल्प खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, कमाल ५० कोटी रुपये, मदत मिळत असे. पण अट अशी की उद्योजकांनी स्वतःचा वाटा घालून एक सामायिक कंपनी काढावी. कोल्हापूरचा फौंड्री क्लस्टर, म्हणजे फौंड्रींचा सामायिक सुविधा समूह, याच वाटेने उभा राहिला. बेंटोनाइट या चिकणमातीने बांधलेली वाळू आणि रेझिन या रासायनिक चिकट द्रव्याने बांधलेली वाळू एकाच पद्धतीने शुद्ध करता येत नाही. त्यामुळे एकाच गिऱ्हाइकाच्या कास्टिंगसाठी स्पर्धा करणाऱ्यांनाही, कोणाची वाळू कोणत्या ढिगावर टाकायची, हे आधी एकत्र बसूनच ठरवावे लागते.