शेपूटचाकी विमानाचे चढणीच्या आखूड धावपट्टीवरील अवतरण

दोन मुख्य चाके पुढे आणि एक छोटे चाक शेपटीखाली, अशी रचना असलेल्या विमानाला शेपूटचाकी विमान किंवा टेलड्रॅगर म्हणतात. असे विमान जेमतेम तीनचारशे मीटर लांबीच्या, डोंगराच्या अंगावर चढत गेलेल्या पट्टीवर उतरवणे हे डोंगरी विमानचालनातले स्वतंत्र कौशल्य आहे. यात दोन अडचणी एकत्र येतात. हे विमान जमिनीवर सरळ धावायला नाखूश असते आणि चढणीची पट्टी डोळ्यांना फसवते. मात्र या अडचणींची नुसती बेरीज होत नाही. चढ जमिनीवरचे काम पुष्कळ सोपे करतो आणि त्याची किंमत हवेतच वसूल करतो. शिकणाऱ्याला हे उशिरा उमगते, कारण सपाट धावपट्टीवर त्याची सगळी भीती चाके टेकल्यानंतरची असते.

ती भीती निराधार नसते. शेपूटचाकी विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. विमान जरा तिरके झाले की मागचे वजन पुढे निसटू पाहते, तिरकेपणा वाढत जातो आणि शेवटी विमान स्वतःभोवती गर्रकन फिरते. याला ग्राउंड लूप म्हणतात. त्यात पंखाचे टोक जमिनीला घासते, कधी चाकाचा पायच मोडतो. नाकाखाली चाक असलेल्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असल्याने ते आपोआप सरळ होऊ पाहते. म्हणून शेपूटचाकी विमानात पाय सतत जिवंत ठेवावे लागतात : रडरच्या (शेपटीवरच्या दिशा देणाऱ्या उभ्या सुकाणूच्या) पेडलवर छोटे छोटे दाब, चूक दिसण्याआधीच. अमेरिकेत असे विमान प्रमुख वैमानिक म्हणून चालवण्यासाठी प्रशिक्षकाची वेगळी नोंद लागते. त्या प्रशिक्षणात साध्या व आडव्या वाऱ्यातल्या उड्डाण-अवतरणांबरोबर अवतरण सोडून पुन्हा वर जाण्याचा, म्हणजे गो-अराउंडचा, सरावही येतो. १५ एप्रिल १९९१ पूर्वी असे विमान प्रमुख वैमानिक म्हणून उडवलेल्यांना यातून सूट आहे.

मग डोंगरात हीच विमाने का? कारणे व्यावहारिक आहेत. नाकावरचा पंखा (प्रोपेलर) जमिनीपासून उंच राहतो, खडी-गवतावर नाकाचे नाजूक चाक मोडण्याची धास्ती नसते आणि शेपूट टेकलेली असताना पंखांना मिळणारा मोठा कोन कमी वेगात उतरायला उपयोगी पडतो. पायपर सुपर कब, सेसना १८५, डी हॅविलंड बीव्हर, पिलाटस पोर्टर ही या कामातली ठळक नावे. स्विस वैमानिक हेरमान गायगर यांनी १९५२ पासून बर्फाच्या स्की लावलेल्या अशाच विमानाने हिमनद्यांवर उतरून गिर्यारोहकांची सुटका केली. फ्रान्सचे आंरी जिरो १९६० मध्ये सुपर कब घेऊन थेट आल्प्समधील माँ ब्लां शिखराच्या माथ्यावर उतरले.

चढणीच्या पट्ट्यांचे नमुने जगभर आहेत. फ्रेंच आल्प्समधील कूर्शव्हेलची पट्टी सुमारे २,००० मी. उंचीवर असून तिची लांबी ५३७ मी. आहे; सर्वांत तीव्र भागात चढ १८ टक्क्यांहून अधिक. नेपाळमधील लुकलाची पट्टी ५२७ मी. लांब असून तिचा चढ सुमारे १२ टक्के आहे. तिथे आता बहुतेक नाकचाकी विमाने येतात, पण पट्टीचा न्याय तोच : वर चढत उतरायचे, खाली घसरत उडायचे. अशा बहुतेक पट्ट्या एकमार्गी असतात आणि वरच्या टोकापलीकडे डोंगर उभा असतो.

डोळ्यांची फसवणूक आकड्यांत पाहिली की नीट कळते. सपाट पट्टीकडे ३ अंशांच्या उताराने येण्याची सवय झालेल्या वैमानिकाच्या मनात पट्टीचे एक ठरावीक चित्र बसलेले असते. १० टक्के चढ म्हणजे जवळपास ५.७ अंश. तिथे त्याच ३ अंशांनी येताना विमान आणि पट्टी यांच्यातला कोन ८.७ अंश होतो, पट्टी उभी भिंतीसारखी दिसते आणि मन ओरडते, ‘फार उंच आहोत!’ नेहमीचे चित्र दिसेपर्यंत विमान खाली आणायचे ठरवले, तर ते पट्टीच्या खालच्या टोकापेक्षाही खाली, म्हणजे डोंगराच्या पोटाशी पोचेल. म्हणून चढणीवरचा मोठा धोका पट्टी ओलांडून पुढे जाण्याचा नसून अलीकडे पडण्याचा आहे. उतरत्या पट्टीवर हाच भास उलटा होतो : विमान खाली आहे असे वाटते आणि वैमानिक फार उंचावरून येतो.

दुसरी फसवणूक वेगाची. २,००० मी. उंचीवर हवा विरळ असल्याने वेगमापकाचा काटा नेहमीच्या आकड्यावर असला तरी खरा वेग सुमारे १० टक्के जास्त असतो. बाजूने झाडे भराभर मागे पळताना दिसतात, वेग फार झाला असे वाटून हात थ्रॉटलकडे (इंजिनाची शक्ती कमीजास्त करणाऱ्या दांड्याकडे) जातो आणि विमान नको तिथे मंद होते. शिक्षणाचा मोठा भाग हा हात आवरण्यात जातो.

जमिनीजवळ आल्यावर नाक उचलण्याची क्रिया, म्हणजे फ्लेअर, इथे वेगळीच असते. सपाट पट्टीवर उतरणीचा मार्ग ३ अंशांनी वळवून आडवा केला की भागते. १० टक्के चढावर तो ८.७ अंश वळवून चक्क चढता करावा लागतो. त्यात वेग झपाट्याने खर्च होतो, म्हणून फ्लेअर लवकर सुरू करायचा आणि शक्ती कमी करण्याऐवजी थोडी वाढवायची. शिकाऊ वैमानिकाचे हात नेमके उलटे शिकलेले असतात. फ्लेअर अपुरा पडला तर मुख्य चाके आदळतात. गुरुत्वमध्य मागे असल्यामुळे शेपूट खाली फेकली जाते, पंखांचा कोन वाढतो आणि विमान पुन्हा हवेत उसळते. सपाट पट्टीवर अशी उसळी सावरायला वेळ मिळतो. चढावर वेग आधीच संपत आलेला असतो, त्यामुळे दुसरी आदळ पहिलीपेक्षा वाईट असते.

तिन्ही चाके एकदम टेकवावीत की आधी मुख्य चाके, यावर वैमानिकांत जुना वाद आहे. तीन चाकांच्या अवतरणात वेग सर्वांत कमी असतो, पण नाक इतके वर जाते की पुढची पट्टी दिसेनाशी होते आणि फक्त दोन्ही बाजूंच्या कडा उरतात. मुख्य चाकांवर उतरले तर दिसते चांगले, पण वेग अधिक लागतो. तीव्र चढावर शेपूट खाली ठेवून मुख्य चाके हलकेच आधी टेकवणे हा मधला मार्ग बऱ्याच जणांना मानवतो.

चाके टेकली की चढाची मदत सुरू होते. ५० नॉट (ताशी सुमारे ९३ किमी) वेगाने टेकलेल्या विमानातली गतिज ऊर्जा त्याला सुमारे ३४ मी. उंच नेण्याइतकी असते. १० टक्के चढावर ब्रेकला पाय न लावता ती ३४० मीटरांच्या आतच संपते. ब्रेक लावल्यावर चाके मागे ओढतात आणि मागचे वजन पुढे रेटते. ग्राउंड लूपला हेच निमंत्रण. चढाचा रोध मात्र थेट गुरुत्वमध्यावर लागतो, त्यामुळे विमान तिरके होत नाही. शिवाय माथ्यापर्यंत पोचण्यासाठी इंजिन चालूच ठेवावे लागते, आणि पंख्याचा झोत रडरवर येत राहिल्याने दिशेवरचा ताबा टिकतो.

या मदतीला वाऱ्याची अट आहे. दिवसा ऊन तापले की वारा दरीतून डोंगराकडे वर वाहतो आणि चढावर उतरणाऱ्या विमानाच्या पाठीवर येतो. मग जमिनीवरचा वेग मोठा आणि रडरवरची हवा क्षीण अशी विचित्र अवस्था होते. म्हणून असे सराव सकाळी आटोपतात.

शिक्षणाची सुरुवात लांब, सपाट धावपट्टीवरच होते. कडेला दोन खुणा ठेवायच्या आणि त्यांच्यामध्ये चाके टेकली तरच ते अवतरण धरायचे. दहापैकी आठ वेळा जमले म्हणून कोणी डोंगरात नेत नाही, कारण उरलेल्या दोन वेळा तिथे परवडत नाहीत. मग सौम्य चढ, मग तीव्र. प्रत्येक नव्या पट्टीवरून आधी उंचावरून फेरी मारून चढ, पृष्ठभाग आणि वारा पाहिला जातो, आणि एक बिंदू ठरवला जातो : एखादे झाड, खडक, नदीचे वळण. तिथपर्यंत वेग, उंची, दिशा यांपैकी काहीही बिनसले तर बाजूच्या दरीकडे वळायचे. तो मागे पडला की उतरायचेच, कारण साध्या इंजिनाचे विमान समोरच्या डोंगराइतक्या तीव्र कोनात चढू शकत नाही. पुष्कळ प्रशिक्षक तो निर्णय विद्यार्थ्याला मोठ्याने बोलायला लावतात.

माथ्यावर बहुधा छोटी सपाट जागा असते. तिथे पोचण्याआधी शक्ती कमी केली तर विमान चढावरच अडकते आणि मागे घरंगळू लागते. शेपटीचे चाक गिरकी घेते आणि विमान कुठेही वळते. म्हणून थ्रॉटल माथ्यापर्यंत सोडत नाहीत. विमान चढाला आडवे वळवतात, ब्रेक दाबून धरतात आणि चाकांखाली दगड किंवा लाकडी ठोकळे गेल्यावरच ब्रेकवरचा पाय काढतात.