जुग्यो केन्क्यू (पाठ-अभ्यास)

जुग्यो केन्क्यू ही जपानमधल्या सरकारी शाळांतल्या शिक्षकांची एकमेकांकडून शिकायची जुनी पद्धत आहे. जुग्यो म्हणजे वर्गातला पाठ किंवा तास, केन्क्यू म्हणजे अभ्यास, संशोधन. बाहेरच्या जगात ती लेसन स्टडी या नावाने माहीत आहे. चार-सहा शिक्षक मिळून एका पाठाची तयारी करतात, त्यातला एक जण तो खऱ्या मुलांसमोर घेतो, बाकीचे भिंतीला टेकून किंवा बाकांमध्ये उभं राहून बघतात आणि नंतर सगळे बसून त्या पाठाची चिरफाड करतात. आपल्याकडे पाठ बघायला कोणी आलं की मागे बसून गुण देणारा माणूस डोळ्यासमोर येतो, इथे तसं कोणी नसतं, कारण टाचण सगळ्यांनी मिळून लिहिलेलं असतं आणि पाठ फसला तर सगळ्यांचाच फसतो.

सुरुवात मेइजी काळातली. १८७२ साली जपानने देशभर नव्या शाळा सुरू करायचा हुकूम काढला, त्याच वर्षी टोकियोत शिक्षक तयार करायची शाळा निघाली आणि मॅरियन स्कॉट नावाच्या अमेरिकन माणसाला तिथे शिकवायला नेमलं. अख्ख्या वर्गाला एकदम फळ्यावर शिकवणं हे तेव्हा जपानी शिक्षकांना नवीनच होतं, त्यामुळे बघून शिकणं आणि बघितल्यावर टीका करणं हे ट्रेनिंगमध्येच आलं. युद्धानंतर १९४९ च्या कायद्यात सरकारी शिक्षकाने सतत ‘केन्क्यू’ आणि ‘शूयो’ (स्वतःला घडवणं) करत राहिलं पाहिजे असं आलं, या दोन शब्दांची पहिली अक्षरं घेऊन केन्शू हा शब्द होतो आणि शाळेतल्या शाळेत चालणाऱ्या या कामाला कोनाई केन्शू म्हणतात. कायदा अभ्यास करा म्हणतो, पाठ-अभ्यासच करा असं म्हणत नाही, तो शिक्षकांनीच चालवलाय.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग पाठाच्या आधीचा, म्हणजे क्योझाई केन्क्यू, शिकवायच्या मजकुराचा अभ्यास. समजा पहिलीला दशक सुटा करून करायची वजाबाकी पहिल्यांदाच शिकवायची आहे, तर पहिलं उदाहरण कोणतं द्यायचं? कुठलंही द्या, काय फरक पडतो असं वाटेल. पण १३ − ९ दिलं तर मूल सहसा १३ चे १० आणि ३ करतं, १० मधून ९ काढतं आणि उरलेला १ त्या ३ मध्ये मिळवून ४ म्हणतं. १२ − ३ दिलं तर तेच मूल आधी २ काढून १० वर येतं आणि मग आणखी १ काढतं. या दोन वेगळ्या वाटा आहेत, जपानी शिक्षकांकडे दोन्हींना वेगळी नावं आहेत (गेन्काहो म्हणजे वजा करून मिळवणं, गेन्गेन्हो म्हणजे वजा करून पुन्हा वजा करणं), आणि आपल्या वर्गातल्या मुलांना आधी कोणती सुचायला हवी, बोटं मोजणारी मुलं किती आहेत, यावर शिक्षक तासन् तास वाद घालतात. एका आकड्यावरून इतकं भांडण बघितलं की पहिलीचं गणित सोपं असतं असं म्हणायची हिंमत राहत नाही.

मग टाचण. त्यात शिक्षक काय विचारेल याच्या शेजारी मुलं काय काय उत्तरं देतील, चुकीची धरून, आणि त्यावर शिक्षक काय करेल हेही लिहितात. विचार करायला लावणाऱ्या मुख्य प्रश्नाला हात्सुमोन म्हणतात आणि त्याची शब्दरचना पुन्हा पुन्हा बदलली जाते. फळ्याचंही नियोजन असतं, त्याला बान्शो म्हणतात, प्राथमिकचा तास ४५ मिनिटांचा, तेवढ्यात शक्यतो काही पुसायचं नाही म्हणजे तास संपताना सगळा विचार डावीकडून उजवीकडे वाचता येतो.

पाठाच्या दिवशी बऱ्याच शाळांत बाकीच्या वर्गांना लवकर सोडतात आणि तो एकच वर्ग थांबतो, म्हणजे सगळ्या शिक्षकांना बघायला येता येतं. बघणाऱ्यांनी मुलांना मदत करायची नाही, उत्तर सुचवायचं नाही. हातात बसण्याच्या जागांचा तक्ता असतो आणि कोणत्या मुलाने काय लिहिलं, काय खोडलं, कुठे अडलं हे टिपायचं. नंतरच्या बैठकीत पाठ घेणारा आधी बोलतो, मग बाकीचे, आणि शेवटी बाहेरून बोलावलेला जाणकार. “छान झाला पाठ” एवढं म्हणून भागत नाही, अमुक मुलाने अमुक वेळी असं केलं असा पुरावा लागतो.

ही पद्धत शाळेबाहेरही चालते, तालुक्या-गावाच्या पातळीवर, विषयांच्या मंडळांत, आणि विद्यापीठांना जोडलेल्या शाळांच्या उघड्या पाठांना तर दूरदूरचे शिक्षक येतात. शिवाय सरकारी शिक्षकांच्या नेमणुका प्रांताच्या हातात असल्याने काही वर्षांनी बदली होते आणि माणसाबरोबर सवयही नव्या शाळेत जाते. १९९८ मध्ये चिगासाकी शहरात हामानोगो प्राथमिक शाळा सुरू झाली, तिथे मानाबू सातो या शिक्षणतज्ज्ञांच्या विचारांप्रमाणे प्रत्येक शिक्षकाने आपला वर्ग सहकाऱ्यांसाठी उघडायचा असं ठरलं, आणि नंतर बऱ्याच शाळांनी हे उचललं.

जगाला हे कळलं ते १९९० च्या दशकाच्या शेवटी. देशोदेशीच्या मुलांच्या गणित-विज्ञानाची तुलना करणाऱ्या टिम्स या अभ्यासात जर्मनी, जपान आणि अमेरिकेतल्या आठवीच्या गणिताच्या २३१ तासांचं व्हिडिओ शूटिंग झालं होतं, त्यावरून जेम्स स्टिगलर आणि जेम्स हिबर्ट या अमेरिकन संशोधकांनी १९९९ मध्ये लिहिलं आणि मग अमेरिकेत लाट आली. इंडोनेशिया, झांबिया वगैरे देशांत जायका या जपानी मदतसंस्थेने ही पद्धत नेली. पण पाठवणी करताना सामान हरवतं तसं झालं, बऱ्याच ठिकाणी बघणं आणि चर्चा पोचली, क्योझाई केन्क्यू वाटेत राहिलं. इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांत मोठी चाचणी झाली, तिच्या २०१७ च्या अहवालात मुलांच्या गणितात आणि वाचनात फरक दिसला नाही. अर्थात तुलनेसाठी घेतलेल्या काही शाळांतही एकमेकांचे वर्ग बघणं चालूच होतं, त्यामुळे या एका निकालावर पद्धत निकालात काढणं घाईचं होईल.

जपानमध्येही सगळं गोड नाही. प्राथमिकला ही पद्धत रुजलीये, माध्यमिकला विषय वेगळे म्हणून एकत्र बसणं जमत नाही आणि वरच्या वर्गांत ती आणखी विरळ होते. काही शाळांत नुसतं दाखवायचं टाचण आणि दाखवायचा पाठ होतो. वरून लादलेलं ट्रेनिंगही येऊन गेलं, २००९ पासून दर दहा वर्षांनी ३० तासांचे कोर्स करून शिक्षकाचं लायसन्स नूतनीकरण करावं लागायचं, शिक्षकांना ते ओझंच वाटलं आणि २०२२ मध्ये ते रद्द झालं. वेळेचा प्रश्न मात्र राहिलाच. शिक्षकांच्या कामाची देशोदेशी पाहणी करणाऱ्या टॅलिसच्या २०१८ च्या फेरीत जपानच्या कनिष्ठ माध्यमिक शिक्षकांचा आठवडा ५६ तासांचा निघाला, सहभागी देशांची सरासरी ३८.३ तास होती, आणि त्या ५६ तासांत शाळेनंतरचे खेळांचे क्लब, कागदपत्रं, बैठका सगळं आलं. १३ − ९ वर वाद घालायला वेळ काढायचा तो यातूनच.