पद्मिनीत दुसरं इंजिन टाकायचंय? आधी आरसी बुक उघडा

जुनी फिएट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, घरात आली की आठवड्याभरात प्रश्न येतोच, यात कुठलं इंजिन बसेल? ओम्नीचं बसेल का, ईको चं बसेल का, प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं ऐकलंय डायरेक्ट बसतं म्हणे. बसतं हो, मिस्त्री चांगला असेल आणि वेल्डिंग मशीन जवळ असेल तर काहीही बसतं. पण खिशात पैसे मोजके असतील तर इंजिन निवडायची सुरुवात गॅरेजमधून नाही, आरसी बुकातून करायची. कारण गाडीत बसलेलं पण आरसीत न बसलेलं इंजिन म्हणजे अख्खं बजेट पाण्यात, गाडी फक्त सोसायटीच्या पार्किंगमध्ये फोटो काढायला.

आरसीत आपल्या कामाच्या तीन गोष्टी असतात, इंजिन नंबर, सीसी आणि इंधन. यातली कुठली बदलतेय त्यावर तुमचं काम किती सोपं की किती अवघड ते ठरतं.

काहीच बदलत नसेल तर अर्जच नाही. म्हणजे तुमचाच ब्लॉक ठेवून इंजिन खोललं, बोअर-पिस्टन केलं, क्रँक ग्राइंड केला, हेड प्लेन केलं, तर इंजिन नंबर तोच राहतो कारण तो ब्लॉकवर पंच केलेला असतो. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी, आणि बोअर ओव्हरसाइजच्या पुढे गेला असेल तरी लेथवाला स्लीव्ह मारून परत ६८ ला आणून देतो. लोकांना हे बोअरिंग वाटतं (शब्दशः आहेच) पण कमी पैशात सगळ्यात शहाणा पर्याय हाच असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रकार, ब्लॉकला तडा गेलाय म्हणून दुसऱ्या पद्मिनीचं तेच १०८९ चं पेट्रोल इंजिन आणलं. इथे फक्त नंबर बदलतो, सीसी आणि इंधन तेच. याला आरटीओची परवानगी लागते आणि आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, पण कागद स्वच्छ असतील तर हे काम होण्यासारखं आहे.

तिसरा प्रकार म्हणजे वेगळंच इंजिन, आणि सगळ्यांना करायचं असतं नेमकं हेच. ११८ एनई मध्ये निस्सानचं ए१२, ११७१ सीसी. ते पण रिअर व्हील ड्राइव्ह, म्हणून पद्मिनीवाल्यांचं लाडकं. ओम्नीचं ७९६ सीसी, जुन्या ईकोचं ११९६ सीसी, ही दोन्ही गाडीच्या लांबीत बसवलेली इंजिनं, मागच्या चाकांना ताकद देणारी, म्हणून त्यांची पण नावं निघतात. ईकोच्या बाबतीत नुसतं इंजिन स्वस्त मिळालं म्हणून उडी मारू नका, ते कार्ब्युरेटरचं नाही, इंजेक्शनचं आहे, त्याच्याबरोबर ईसीयू (इंजिनचा कंप्युटर), अख्खं वायरिंग, टाकीतला पंप, सेन्सर, सायलेन्सर सगळं यायला पाहिजे, वर माउंट बनवायचे, प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करायचा, रेडिएटर बदलायचा, आणि एवढं करून ब्रेक जुनेच राहिले तर तुम्ही नक्की काय बनवलंय ते देवाला माहीत. पण तो मेकॅनिकचा भाग झाला. कागदाचा भाग असा की सीसी बदलली.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीतली माहिती कंपनीने मुळात दिलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ ए आलं, त्यात परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. प्रत्येक बदलाला, हे नीट वाचा. कायद्याने स्वतःहून दार उघडं ठेवलंय ते इंधन बदलायला, म्हणजे मान्यताप्राप्त किट लावून सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी. त्यामुळे १०८९ च्या जागी ११७१ टाकून ‘आरसीवर चढवून देतो’ म्हणणारा एजंट भेटला तर त्याला एवढंच विचारा, कुठल्या नियमाखाली चढवणार? बघा मग तो विषय कसा बदलतो.

आता समजा तुमचं दुसऱ्या प्रकारातलं काम आहे, सेम इंजिन, फक्त नंबर वेगळा. अर्ज करू शकतो तो फक्त आरसीवर नाव असलेला मालक. गाडी घेतली पण ट्रान्सफर अजून झाली नाही (प्रोजेक्ट गाड्यांचं नेहमीचं रडगाणं) तर आधी नावावर करा. गाडीवर बोजा (आरसीवर कर्जाची नोंद) असेल तर बँकेचं लेखी संमतीपत्र लागतं. पद्मिनीवर कोण कर्ज काढणार म्हणाल, पण १९९४ साली कोणीतरी काढलेलं असतं आणि फेडूनही बोजा उतरवायचा राहिलेला असतो, मग फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी यासाठी ज्या बँकेचं नावही आता उरलं नाही तिला शोधत बसायचं. आरसीची मुदत चालू पाहिजे. खासगी गाडीची आरसी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून रिपासिंग, आणि पद्मिनीचं प्रॉडक्शन थांबूनच वीस वर्षांच्या वर झाली म्हणजे यातली प्रत्येक गाडी रिपासिंगवालीच. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपेक्षा जुन्या कारची नूतनीकरण फी १०,००० रुपये झालीय, पर्यावरण कर वेगळा, तो आकडा बजेटमध्ये इंजिनच्याही आधी लिहा.

अजून एक अडचण जुन्या गाड्यांची. एम ने सुरू होणारा तीन अक्षरी नंबर, हाताने लिहिलेलं आरसी बुक, आणि वाहन पोर्टलवर गाडीच सापडत नाही. मग मूळ आरटीओत जाऊन बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या गाडीची माहिती पोर्टलवर चढवून घ्यायची, त्याशिवाय ऑनलाइन काहीच हलत नाही. एचएसआरपी नंबरप्लेट पण लावून घ्या, नाहीतर बाकीची कामं तिथेच अडतात.

कागदांत सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे आणलेल्या इंजिनचं बिल. कुर्ल्यात म्हणा किंवा आपल्या गावच्या भंगारात म्हणा, इंजिन घेताना ‘बिल कशाला, पाचशे कमी करतो’ हे वाक्य ऐकू येणारच, तिथे पाचशे सोडा आणि बिल घ्या. बिलावर इंजिन नंबर पूर्ण लिहिलेला, विकणाऱ्याचं नाव-पत्ता, शक्यतो जीएसटी नंबर. ज्या गाडीतून इंजिन निघालं तिच्या आरसीची कॉपी आणि ती आरसी रद्द झाल्याचा पुरावा मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण गाडी कायमची निकामी झाली की मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं हे कलम ५५ मध्ये आहे, फक्त पाळतं कोण. पैसे देण्याआधी टॉर्च मारून ब्लॉकवरचा नंबर स्वतः वाचा, घासलेला किंवा परत पंच केलेला वाटला तर मागे फिरा, आणि एनसीआरबीच्या (केंद्राचा गुन्हे नोंद विभाग) ‘वाहन समन्वय’ या वेबसाइटवर तो नंबर चोरीच्या गाडीचा तर नाही ना ते तपासून त्याची प्रिंट ठेवा. मी एकदा घाईत बिलावर शेवटचा आकडा चुकीचा लिहून घेतला होता, त्या एका आकड्यासाठी दोन महिने त्या दुकानदाराच्या मागे फिरलो.

बाकी ओरिजिनल आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, आधार, पॅन, चेसिस आणि इंजिन नंबरची पेन्सिल प्रिंट (नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून काढलेला ठसा), आणि एक प्रतिज्ञापत्र, त्यात जुनं इंजिन का काढलं, त्याचं काय केलं, नवीन कुठून आणलं आणि सीसी व इंधन तेच आहे एवढं साध्या भाषेत. काही ठिकाणी इन्स्पेक्टर गॅरेजचं काम केल्याचं पत्रही मागतात, मिस्त्रीकडून आधीच लिहून घ्या, नंतर तो गावाला गेलेला असतो.

क्रम मात्र चुकवू नका. लोक इंजिन उतरवतात, नवीन टाकतात, सहा महिने फिरवतात आणि मग विचारतात कागदाचं काय. आधी आपल्या आरटीओत बिल दाखवून लेखी परवानगी मागा, मग काम. परवानगीशिवाय इंजिन बदललं गेलंच असेल तर १४ दिवसांच्या आत आरसी जोडून कळवायचं असं कायदा सांगतो. परिवहन पोर्टलवर वाहन सेवांमध्ये गाडी नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकून ‘अल्टरेशन ऑफ व्हेईकल’ ही सेवा निवडायची, ओटीपी येतो म्हणून मोबाइल नंबर आधी अपडेट हवा, फी भरा, कागद चढवा, पावतीची प्रिंट काढा आणि अपॉइंटमेंटच्या दिवशी गाडी घेऊन जा. मोटार वाहन निरीक्षक बॉनेट उघडून नंबर जुळवतो, त्यामुळे आदल्या दिवशी ब्लॉकवरचा ग्रीस डिझेलने धुऊन नंबर स्वच्छ वाचता येईल असं करा, आणि गाडी थंड असताना स्टार्ट होते ना तेही बघा, तिथल्या रांगेत धक्का मारायला कोणी येत नाही.

गाडी १९७५-७६ च्या आसपासची किंवा जुनी असेल तर मात्र थांबा जरा. २०२१ च्या व्हिंटेज नियमांत ५० वर्षांवरची गाडी ‘व्हीए’ सिरीजमध्ये नोंदवता येते, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पण चेसिस, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा बदल नको ही अट आहे. ही नोंदणी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्या कामांपुरती, रोज ऑफिसला न्यायला नाही. तरी अशा गाडीत ओम्नीचं इंजिन कोंबणं म्हणजे आजीच्या पैठणीचे पडदे शिवणं.

नोंद झाली की नवीन आरसीची कॉपी इन्शुरन्स कंपनीला पाठवून पॉलिसीवर नवीन इंजिन नंबर चढवून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर पहिल्यांदा बॉनेटच उघडतो. इंजिनचं बिल आणि प्रतिज्ञापत्राची कॉपी मात्र फाइलला जपून ठेवा, पुढच्या रिपासिंगला लागतील.