आमोस ५:२४ : न्याय वेगळा, नीतिमत्त्व वेगळं

बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याचं हे वचन पुष्कळांना तोंडपाठ असतं. न्याय पाण्यासारखा लोटत येऊ दे आणि नीतिमत्त्व न आटणाऱ्या ओढ्यासारखं वाहू दे, असा त्याचा सरळ अर्थ. पण हे दोन शब्द इतक्या वेळा जोडीनं येतात की कानाला ते ‘सुखसमाधान’सारखे एकच वाटू लागतात. हिब्रू कवितेत एकच गोष्ट दोन ओळींत फिरवून सांगायची रीत आहेच, त्यामुळे समज आणखी पक्का होतो. मला मात्र वाटतं, हे शब्द एकमेकांत कालवले की वचनाचा अर्धा अर्थ तिथेच सांडतो.

पहिला शब्द मिश्पात. निवाडा करणं या धातूपासून आलेला. निवाडा व्हायचा गावाच्या वेशीत. वडीलधारे तिथे बसत, तक्रार ऐकत, साक्ष घेत. आमोसचा राग नेमका तिथल्या कारभारावर आहे : तुम्ही लाच घेता आणि वेशीत आलेल्या गरिबाला हुसकावून लावता (५:१२). म्हणजे मिश्पातसाठी आधी काहीतरी बिघडलेलं असावं लागतं, आणि कुणीतरी दाद मागायला उभं राहावं लागतं.

दुसरा शब्द त्सेदाका. मराठी बायबलमध्ये त्याचं ‘नीतिमत्त्व’ होतं, आणि ते ऐकून आपल्या मनात सोवळा, सद्वर्तनी माणूस उभा राहतो. हिब्रू शब्द त्याहून जास्त मातीतला आहे. नात्यामुळे आपल्यावर जे देणं येतं ते चुकतं करणं, असं मी त्याचं मराठी करीन. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या ३८व्या अध्यायात यहूदा आपल्या विधवा सुनेबद्दल, तामारबद्दल, म्हणतो की ती माझ्यापेक्षा नीतिमान ठरली. रूढीप्रमाणे धाकटा मुलगा तिला नवरा म्हणून द्यायला हवा होता, तो त्यानं दिला नव्हता. तिथे सोवळेपणाचा प्रश्नच नाही. कुणाचं देणं राहिलं, एवढंच पाहिलं आहे.

फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो एका पांघरुणात. बायबलमधल्याच ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात आज्ञा आहे : गरिबाचं पांघरूण गहाण ठेवून घेतलंस, तर सूर्य मावळताना ते परत दे. तो ते अंगावर घेऊन झोपेल, तुला आशीर्वाद देईल, आणि परमेश्वरापुढे ती तुझी त्सेदाका ठरेल. यात वेस, पंच, साक्षीदार यांतलं काही नाही. संध्याकाळ झाली, पांघरूण परत गेलं, विषय संपला. आमोसच्या काळात, ख्रिस्तपूर्व ८व्या शतकात, लोक हीच गहाणाची वस्त्रं अंथरून वेदीजवळ पहुडत होते (२:८).

आता दुसरी बाजू. १९६० साली भूमध्य समुद्राकाठच्या मेसाद हशाव्याहू या छोट्या किल्ल्यात एक लिहिलेलं खापर सापडलं, ख्रिस्तपूर्व ७व्या शतकाच्या अखेरचं. एका कापणी करणाऱ्या मजुराचा तो अर्ज आहे. माझं काम मी पुरं केलं, तरी माझं वस्त्र काढून घेतलं, माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे सगळे साक्ष देतील, ते परत मिळवून द्या, असं तो अधिकाऱ्याला विनवतो. हा मजूर मिश्पात मागतो आहे. वस्त्र नेणाऱ्यानं त्याच संध्याकाळी त्सेदाका केली असती, तर त्याला हे खापर लिहवून घ्यावंच लागलं नसतं.

यशया या दुसऱ्या संदेष्ट्यानं (५:७) हीच जोडी घेऊन शब्दांचा जीवघेणा खेळ केला आहे. देवानं मिश्पातची वाट पाहिली तर मिस्पाख, म्हणजे रक्तपात, दिसला. त्सेदाकाची वाट पाहिली तर त्सेआका, म्हणजे आक्रोश, ऐकू आला. भाषांतरात हा खेळ पोचत नाही. पुढच्या काळात यहुदी बोलण्यात त्सेदाका म्हणजे दानधर्म असा अर्थ रुळला, तो कोकणातल्या आपल्या बेने इस्राएल मंडळींनाही ओळखीचा. पण तो अर्थ आमोसच्या तोंडी घालू नये. दानात देणारा मोठा ठरतो, पांघरूण परत करणारा नुसतं देणं फेडतो.

राहिलं पाणी. ‘नाहल’ म्हणजे तिकडचा ओढा : हिवाळी पावसात दुथडी भरणारा, उन्हाळ्यात नुसते गोटे. दगा देणाऱ्या मित्रांना बायबलमधला दुःखात सापडलेला ईयोब असाच ओढा म्हणतो (ईयोब ६:१५). पाण्याच्या आशेनं आलेले काफिले तिथे फसतात. आमोस त्या शब्दापुढे ‘एतान’ जोडतो, म्हणजे बारमाही. मार्टिन ल्यूथर किंग यांनी २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये हे वचन घेतलं, तेव्हा त्यांच्या इंग्रजीत तो बलाढ्य प्रवाह झाला होता. मुळात जोर बळावर नाही, न आटण्यावर आहे. म्हणून मी हे वचन असं वाचते : मिश्पात गरज पडेल तेव्हा लोंढ्यासारखा यावा, आणि त्सेदाका रोज असावी, कुणी मागितली नाही तरी. आमोस बेथलेहेमच्या दक्षिणेला, रानाच्या कडेला असलेल्या तकोवाचा मेंढपाळ. कोणत्या ओढ्याला भर उन्हाळ्यातही पाणी असतं, यावर त्याची मेंढरं जगत होती.